भिंत पाडल्यावर

हॅलो?… हो नीता, वहिनीच बोलतेय… अगं, तुझ्याकडून बाबांना घरी आणून दोन तास नाही झाले आणि हा तुझा तिसरा फोन!… नाही, पडलेबिडले नाहीत. अगं ऐक ना…

हो, पाडलीच भिंत. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली… तू नको म्हणत होतीस, मान्य. पण भरदुपारी ट्यूब लावून किती वर्षं बसायचं गं?…

सांगते ना. बाबा आत आले नेहमीसारखे. डावा हात भिंतीला लावायला पुढे केला… आणि भिंतच नाही! हात तसाच हवेत… अगं, काचबिंदूनं डोळे गेले, पण या घरात माणूस कधी अडखळला नव्हता. "अनुया, कुणाच्या घरी आणलंस मला?" म्हणाले आणि मटकन सोफ्यावर बसले… म्हटलं, नीताचं ऐकायला हवं होतं…

तुझा दादा? तो नळाचं सामान आणायला गेलेला. घरात मी आणि काशिराम… अगं गवंडी, कोन गावचा. त्यानं थापी खाली ठेवली, हात पुसले. म्हणाला, "आबा, उठा. घर तुमचाच हाय. सोफ्यापासून ओट्यापर्यंत सात पावलं. मोजा माझ्याबरोबर"… हो, हात धरून! एकदा, दोनदा, तीनदा… चौथ्या वेळी बाबा म्हणाले, "आता सोड हात."

हो, एकटे! मी श्वास रोखून उभी… चौथ्या पावलाला थांबले. म्हटलं, चुकले. तर हात पुढे धरून नुसते उभे. मग हळूच म्हणाले, "हॉलमध्ये ऊन?"… अगं, ओट्यावरच्या खिडकीतलं. आता थेट आत येतं, अकरापर्यंत…

आत्ता? उन्हातच खुर्ची टाकून मेथी निवडतायत. काशिरामला कर्नाळ्याच्या पाखरांच्या गोष्टी चालल्यात, त्याला कामच करू देत नाहीत!… हो, मीही रडले. तू नको रडूस…

काय? न्यायला येतेस? थांब, विचारते… बाबा, नीता विचारतेय, पुन्हा तिच्याकडे येता का म्हणून!…

नीता, ऐकलंस?… नाही? ते म्हणतायत, "ये म्हणावं. येताना माझा रेडिओ आण, आणि तिकडे ठेवलेले सगळे सदरेही"…

हो, सगळे… अगं, हसतेस की रडतेस?… बरं, जेवायलाच ये. ठेवते.