लिफ्टमधलं पांढरं

आमच्या आईला एका प्रश्नाची भयंकर चीड आहे. आम्ही बौद्ध, त्यामुळे रविवारी ती पांढरी साडी नेसून विहारात जाते. आणि तळमजल्यावरच्या सावंतकाकू इतक्या वर्षांनंतरही विचारतात, "कोण गेलं गं?"

गेल्या रविवारी आमच्या लिफ्टमध्ये शेजारची ग्रेस शिरली. ती दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याशा वस्तीतली, बोरिवलीत नोकरीसाठी राहते. एरवी जीन्स घालणारी बाई त्या दिवशी पांढऱ्या पायघोळ झग्यात, डोक्याला पांढरी टोपी, कमरेला हिरवा पट्टा.

आई माझ्या कानात म्हणाली, "विचार ना तिला, घरात कोण वारलं."

"आई, तू विचारतेयस हे?"

"अगं, काळजी वाटते म्हणून."

मी विचारलं. ग्रेस हसली. "कोणी नाही. रविवार आहे ना. आमच्याकडे चर्चला अख्खी गल्ली अशीच निघते." मग आईच्या साडीकडे बघत म्हणाली, "यांचं चर्च कुठलं? कधीपासून विचारायचं होतं."

आईला हे मराठीत सांगेपर्यंत लिफ्ट खाली पोचली. दारात सावंतकाकू, हातात बोंबलांची पिशवी. त्यांनी आधी आईला पाहिलं, मग ग्रेसला, आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "एकदम दोन घरांत?"