उंबऱ्याबाहेरचा पाडवा

धुरपता : पोळी ओसरीतच देऊ, का पाडव्याच्या दिवशी तरी घरात येता?

जानराव : इथंच दे. वारा लागते इथं.

धुरपता : वारा! जपान हरला, लढाई सरली, तुमी इंझोरीत येऊन पंधरवडा झाला. पण उंबरा काई ओलांडला नाई. लेक दारात उभी राहून बाप पायते. लोकं इचारून राह्यले, तुह्या नवऱ्याले घरात साप दिसते काय?

जानराव : इचारू दे.

धुरपता : आज मीच इचारते. सायगोनची ते बाई कोण?

जानराव : कोणती बाई?

धुरपता : तुमच्याच पलटणीतल्या उस्मानभाऊनं घरी हाजराबीले सांगतलं, हाजराबीनं मले. तिकडचा सण होता, अन् तुमी लॉरी थांबवून एका बाईच्या घरात शिरले.

जानराव : त्या उस्मानच्या तोंडात तीळ भिजत नाई!

धुरपता : म्हणजे खरं आहे.

जानराव : भूक लागली होती व. त्यायचा पाडवा, टेट म्हणतात, सारा बजार बंद. रस्त्याच्या कडेले एक म्हातारी आपल्या दारापुढं टोपलं घेऊन बसली होती.

धुरपता : म्हातारी? हाजराबी तं नुसती बाई म्हणली.

जानराव : एकबी दात नोता तिच्या तोंडात! केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, मधोमध मुगाची दाळ. पानाची दोरी सोडे, अन् त्याच दोरीनं भाताच्या चकत्या कापे. सुरी नाई, काई नाई.

धुरपता : लय बारीक पाह्यलं.

जानराव : खाता खाता ठसका लागला. पाणी मागतलं. ती उठली, अन् मी तिच्या मागं घरात गेलो.

धुरपता : कायले? बाहेर पाणी पेता येत नोतं?

जानराव : आपल्याकडं जाते माणूस, तसा गेलो. मले काय ठाव? तिकडं सणाच्या सकाळी घरात पयला पाय कोणाचा पडते, त्यावर सालभराचं नशीब. चांगला माणूस पाहून बोलावतात. अन् गेलो कोण? मी. खांद्यावर बंदूक, गोऱ्यायचा शिपाई.

धुरपता : हे तिनं सांगतलं?

जानराव : तिनं पाणी देल्लं. बाहेर आलो तवा दुभाष्यानं सांगतलं.

धुरपता : बरं, म्हातारी तं म्हातारी. मंग सोताच्या घरात याले काय झालं?

जानराव : वापस त्याच रस्त्यानं आलो. दारात तिच्या पोराचं मढं होतं. जपान हरला तरी तिकडं दंगा सरला नोता; आमच्याच लोकायची गोळी लागली होती त्याले.

(धुरपताच्या हातातली पोळी हातातच राहते.)

धुरपता : तुमी मारली?

जानराव : मी लॉरी हाकत होतो. पण पाय माहाच पडला होता, धुरपते. पांढरा पाय. अन् आत आपली लेक आहे.

धुरपता : अगं माय! अन् मी मेली पंधरा दिस सवतीचं तोंड डोयापुढं आणून राह्यली.

जानराव : हसू नको.

धुरपता : कोण हसते? मी या घरात आली, अंगावरची हळद सुकली नोती, तं मामंजी गेले. साऱ्या गावानं मले पांढऱ्या पायाची म्हणलं. तवा तुमी काय म्हणले, याद आहे?

जानराव : काय म्हणलो?

धुरपता : म्हणले, पाय धू अन् जेवाले वाढ.

जानराव : म्हणलो असन.

धुरपता : हे घ्या पाणी. पाय धुवा. मी आत पाट मांडते.