स्वल्पविरामाची तक्रार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, नाट्यगृह समितीचे कार्यवाह आणि सभासद, आजचे सत्कारमूर्ती आणि वेळेवर आलेल्या रसिकहो! उशिरा येणाऱ्यांना नमस्कार नंतर करीन, ते अजून येताहेत.

कार्यवाह मला म्हणाले, "बाई, दोन गोड शब्द बोला." गोड बोलणं माझ्या हाडात नाही. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांच्या चुका काढणं हाच धंदा. मी निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी या नाट्यगृहाचा महिन्याचा पास दिला. तो मी पुरता वसूल केला. नऊ नाटकं, तीन संगीत नाटकं आणि वरच्या दालनातली चार प्रदर्शनं! एका संगीत नाटकात नायक गोळी लागल्यावर पाच कडवी गायला. शेजारी माझी धाकटी जाऊ होती. ती म्हणाली, "अहो वहिनी, याला कुणीतरी पाणी द्या, नाहीतर दुसरी गोळी तरी घाला." एका प्रदर्शनात नुसत्या खुर्च्याच मांडल्या होत्या आणि बसायला मनाई. माझ्या गुडघ्यांचं त्यावरचं मत मी इथे सांगत नाही.

पण महिनाभरात सगळ्यात चोख काम कुणाचं पाहिलं? दारावरच्या माणसाचं. आजच्या सत्कारमूर्तींचं, आपल्या कडीकाकांचं. वयानं मी त्यांच्याहून मोठी, पण इथे सगळेच त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिसरी घंटा झाली की दार बंद, मग बाहेर साहेब असो की साहेबांचा मेहुणा. तिसऱ्याच दिवशी मी अर्ध्या मिनिटानं चुकले. पास दाखवला, गुडघा दाखवला. काका म्हणाले, "बाई, आत रंगमंचावर एक मुलगी रडायच्या बेतात आहे. आत्ता दार उघडलं तर तिचं रडू जाईल." मला बाकावर बसवलं आणि दाराला कान लावून पहिला अंक सांगायला लागले. "आता पत्र फाडलं. ऐका, लोकांचा खोकला थांबला, म्हणजे नाटक चढलं." मी विचारलं, "पहिला अंक आत बसून कधी पाहिलात?" म्हणाले, "एकवीस वर्षांत एकही नाही. मग दार कुणी सांभाळायचं?"

घरी जाण्याआधी मी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, "दारावरचा माणूस निर्दय आहे, म्हणूनच आतलं नाटक जिवंत आहे." खाली सही केली. आमच्या छापखान्यात याला कौतुक म्हणतात.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचे पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा आले आणि काकांनी दार उघडलं नाही. या, या, बसा, पुढे जागा आहे, आज दार सताड उघडं आहे! हं, तर पाहुणे परत गेले आणि समितीला मिरच्या झोंबल्या. पण नियम तुमचाच, दारावरची पाटी तुमचीच. ती पाळली म्हणून माणसाला घालवायचं कसं? त्यासाठी लेखी तक्रार हवी. मग कुणीतरी वही चाळली.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. काका माझ्याकडे बघेनासे झाले एवढंच दिसत होतं. पास संपायच्या दिवशी त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, "बाई, तोंडावर बोलायचं होतंत." निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना त्यांना घरी बसवणारं पत्र होतं ते. त्यात अवतरणचिन्हांत माझं वाक्य. "दारावरचा माणूस निर्दय आहे." पूर्णविराम.

माझा स्वल्पविराम कुठे गेला, कार्यवाहसाहेब? चौतीस वर्षांत अडाण्यातल्या अडाण्याचं वाक्यसुद्धा मी अर्ध्यावर तोडलं नाही. तुम्ही माझ्या वाक्याचा गळा धरलात आणि त्यानं एका माणसाची भाकरी काढून घेतलीत. वर त्याला हारतुरे, फोटो, स्मृतिचिन्ह! आणि भाषणाला बोलावलंत कुणाला? तक्रार करणाऱ्या बाईलाच! वाक्य पुरतं वाचलं नाहीत ते नाहीतच, निदान खालची सही तरी वाचायची. मला राग आलाय, आणि तो मी गिळणार नाही.

ती वही मी येताना टेबलावरून उचलून आणली आहे. अध्यक्ष महोदय, ही घ्या. पान तेवीस. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाआधी उभं राहून मोठ्यानं वाचा, आणि काकांना दिलेलं पत्र इथेच, या सगळ्यांसमोर मागे घ्या. त्याशिवाय हा सत्काराचा गुच्छ मी काकांच्या हातात देणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणाच्या शेवटी चुकल्यामाकल्याची क्षमा मागायची असते. समितीची मी मागत नाही. काका, तुमची मागते. माणसं अर्धंच वाचतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी मी शहाणपणा दाखवायला गेले आणि तुमचं कौतुक आडून केलं. सरळ लिहायचं होतं. आता सरळ सांगते. तुम्ही त्या दिवशी मला आत सोडलं नाहीत, ते बरोबर केलंत.