सत्तेचाळीस नंबरची काठी

माझं नाव सुरेश, राहणार रांझी, जबलपूर, आणि पहिलेच सांगून ठेवतो ताई, मी माफ करणारा माणूस नाही. लोक म्हणतात वय झालं सुरेशभाऊ, रिटायर झाले, आता सोडा. काहून सोडू? ज्याचं गेलं त्याला सोडा म्हणणं लई सोपं असते. तुम्ही लिहून राहिल्या ना, हेही लिहा.

आमची माणसं मराठ्यांच्या राज्यात चाकरीला इकडे आली अन् इथलीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, नातवाला विचारा तर तो म्हणते नानाजी समझ में आता है, बोलते नहीं बनता. बाबा इथल्याच गाड्यांच्या कारखान्यात होते, मीही तिथंच इंजिनच्या कामावर लागलो. शेजारच्या क्वार्टरमध्ये दिलीप राहत होता. तोही मेकॅनिक, तोही मराठी, आमची भिंत एक, लहानपणी एकाच सायकलवर दोघं शाळेत जात होतो, पुढच्या दांड्यावर तो अन् पायडल मी मारायचं. तेव्हाच समजायला पाहिजे होतं मला.

तर काय झालं, दिल्लीहून कारखान्यात निरोप आला की अंटार्क्टिकाच्या मोहिमेला बर्फावरच्या गाड्या सांभाळायला दोन मेकॅनिक पाहिजेत. आम्हा दोघांना निवडलं. काय सांगू तुम्हाला, आईनं पेढे वाटले अन् मग देवघरापुढे बसून रडली, म्हणे तिकडे पाडव्याला कोण गुढी उभारेल रे तुझी, अन् एक खण काढून दिला मला, हिरवा, लाल काठाचा, म्हणे उभारता आली तर हा लाव. तो खण माझ्या पेटीत सगळ्यात वर होता. जहाजात मी उलट्या करून करून अर्धा झालो पण तो खण भिजू दिला नाही.

आता तिथली एक गोष्ट नीट समजून घ्या ताई, माझी सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. तिथं रस्ता नसते. नुसतं पांढरं. आमचं ठाणं आतमध्ये होतं अन् डिझेलचे पिंप समुद्राच्या काठाकडे, जहाजानं उतरवलेले. मधल्या वाटेवर बांबू ठोकलेले, प्रत्येकाच्या वर लाल फडकं अन् मध्ये पत्र्याचा नंबर. वादळ आलं की आभाळ अन् जमीन एक होते, बोनेट पण दिसत नाही, तेव्हा एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत जायचं, काठी दिसली नाही तर थांबायचं. अन् जिथं वाट वळते तिथली काठी तर आईबाप समजायची, कारण वळणाच्या आतल्या अंगाला बर्फ फाटलेलं असते, वाट त्याला वळसा घालून जाते, वरून सपाट अन् आतून विहीर. आमच्या वाटेवर असं वळण एकच होतं, ठाण्याच्या अगदी जवळ. तिथं सत्तेचाळीस नंबरची काठी.

पाडव्याच्या आधी मी अन् आमचा वायरमन, केरळचा पोरगा, डिझेल आणायला काठाकडे गेलो. जाताना मी दिलीपला खण देऊन गेलो, म्हटलं मी वेळेवर नाही आलो तर तू उभार, आईचा शब्द आहे. पाडव्याला सकाळी वायरलेसवर दिलीप बोलला, सुऱ्या, गुढी उभारली रे, कढीपत्त्याची डहाळी लावली, साखरेच्या खड्यांची माळ केली, तुझ्या आईचा खण काय शोभून राहिला, लवकर ये, शिरा ठेवतो तुझ्यासाठी. मी खूश. गाडी काढली.

अर्ध्या वाटेत वादळ लागलं. मी काठीवरून काठीवर आलो, हळूहळू, वायरमन नंबर वाचून राहिला, पंचेचाळीस दिसली, शेहेचाळीस दिसली. पुढची दिसेना. थांबायचं होतं, थांबलोच मी, खाली उतरून दोरी बांधून शोधलं, काही नाही. मग वारा जरासा पडला अन् समोर लांब एक काठी दिसली, लाल फडक्याची, मला वाटलं हीच ती. ती अठ्ठेचाळीस होती ताई. वळणाच्या पलीकडची. मी सरळ तिच्याकडे निघालो अन् गाडीचा डावा पट्टा, चाकांच्या जागी असते तो, आत गेला. गाडी तिरपी लटकली. वायरमनचा पाय सीटखाली अडकला होता, तो सोडवायला पाना धरता येईना म्हणून मी उजव्या हाताचा मोजा काढला. हे बघा. ही दोन बोटं तिथं राहिली, अर्धी अर्धी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला काढलं. शोधायला आला कोण, तर दिलीपच पुढे. अन् वळणावर सत्तेचाळीस नंबरची काठी ताठ उभी! सगळ्यांनी पाहिली. मोहिमेचे लीडरसाहेब म्हणाले, अरे सुरेश, झंडा तो खड़ा है, तुझे दिखा कैसे नहीं? मी म्हटलं साहेब नव्हता. दिलीप माझ्याकडे न पाहता म्हणाला, जाऊ द्या साहेब, थंडीनं भ्रम होतो माणसाला. रिपोर्टमध्ये तेच गेलं, चालकाला खुणेची काठी दिसली नाही. माझ्याकडून गाडीची चाबी काढून घेतली. वायरमन बिचारा माझ्यासारखंच सांगत होता, त्याला म्हणाले तूही थंडीतच होता.

मग हिवाळा. जहाज नाही, विमान नाही, जायचं कुठं? त्याच टेबलावर जेवायचं, त्याच लोकांत. कोणी वाईट बोललं नाही, उलट लई सांभाळून घेत होते, मी चहाला उठलो की राहू दे राहू दे, आम्ही आणतो. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझेच डोळे फुटले. दिलीप रोज माझ्या बोटांची पट्टी बदलून देत होता. रोज, हां. त्या हातांनी.

सूर्य परत आला तेव्हा डॉक्टरसोबत मी वळणापर्यंत चालत गेलो, म्हटलं पाहू तर खरं कुठं चुकलो. काठी उभी होती. तिच्यावर, नंबरच्या पत्र्याच्या जरासं वर, हळदीकुंकू. पाच बोटं ओढलेली, जशीच्या तशी, तिथं काही सडत नाही ना. अन् टोकाला हिरवा धागा अडकला होता. आईच्या खणाचा.

तिथंच मला सगळं समजलं. स्टोअरचे शिल्लक बांबू बर्फाखाली दबले होते, खणत कोण बसेल, म्हणून ह्यानं वळणावरची काठी उपटून गुढी केली, संध्याकाळी परत ठोकतो म्हणून. वादळ आलं. मग शोधायला निघाला तेव्हा सगळ्यांच्या पुढे धावला, दोस्तीसाठी नाही, काठी ठोकायला.

विचारलं मी त्याला. तो म्हणाला, मी लावणारच होतो रे, वादळ आलं त्याला मी काय करू, अन् आता सांगून तुझी बोटं येणार आहेत का? लीडरसाहेबांकडे गेलो तर ते म्हणाले रिपोर्ट जा चुकी है, कुंकू कोई सबूत नहीं होता.

जबलपूरला आलो. मला कारखान्यात स्टोअरमध्ये बसवलं, इंजिनला हात लावायचा नाही. बाप कामावरून आलेल्यांना सांगत होता की पोराची नजर कमजोर आहे, हेच सांगत सांगत वारला. अन् दिलीप? दिलीप दुसऱ्यांदा मोहिमेवर जाऊन आला. आपल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये त्याचा फोटो लागला, त्याच पाडव्याचा, बर्फात गुढी अन् बाजूला हा हात जोडून. दर पाडव्याला त्या फोटोला हार, त्याला श्रीफळ, भाषण. घरंही आम्ही पुढे एकाच गल्लीत बांधली, समोरासमोर. मी दरवर्षी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या? कारण एका पाडव्याला मी फोटो जवळून पाहिला होता. काठीच्या मध्ये पत्रा, अन् पत्र्यावर नंबर. लोक माझ्या साक्षीलाच हार घालत होते! मी ठरवलं, सरकारी रिपोर्ट खोटा म्हणायचा तर रिटायर होईपर्यंत थांबायचं, मग कोणी माझं काही वाकडं करू शकत नाही.

यंदा समाजाच्या गुढीची काठी मी आणतो म्हटलं. सिहोऱ्याच्या बाजारातून चांगला बांबू आणला, वर लाल फडकं बांधलं, मध्ये पत्रा ठोकला, त्यावर पांढऱ्या रंगानं सत्तेचाळीस लिहिलं. पूजा दिलीपच्या हातून होती. ताट घेऊन आला, हसत, बोटं कुंकवात बुडवली, अन् पत्रा दिसला त्याला. हात तिथंच राहिला. लोकांना वाटलं भावुक झाला, टाळ्या वाजवायला लागले.

मी माइक घेतला. म्हटलं दिलीपभाऊ, अंटार्क्टिकात झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. मग गुढीला काठी कुठली घेतली होती, सांगा ना समाजाला. तो म्हणाला स्टोअरमधली. मी म्हटलं स्टोअरच्या काठीला नंबर नसते. आमच्या शाळेच्या जुन्या बाई पुढे बसल्या होत्या, त्या उठल्या, चष्मा वर करून फोटोपाशी गेल्या अन् मोठ्यानं वाचलं, सत्तेचाळीस. मग मी वळणाचं सांगितलं, थोडक्यात, अन् हा हात वर धरला. दिलीप ताट ठेवून निघून गेला. पूजा मग मीच केली, ह्या हातानं.

परवा त्याची बायको आली होती, संध्यावहिनी. म्हणे ते जेवत नाहीत, बाहेर पडत नाहीत, तुम्ही एकदा येऊन म्हणा की झालं गेलं संपलं. माझी बायको पण म्हणाली, जा हो. वहिनींना चहा दिला, त्यांचा काही दोष नाही. पण म्हटलं, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, त्याच माइकवर, की काठी मी उपटली होती. तो हे म्हणत नाही तोवर काही संपलं नाही.

समाजानं फोटो उतरवला, मी मागून घेतला, आत आहे. अन् काठी ती बघा, फाटकापाशी ठोकली. त्याच्या दारातून सरळ दिसते, बस पकडायला जायचं तर तिच्याजवळूनच वळावं लागते. देव दिलीपला शंभर वर्षं आयुष्य देवो, मनापासून म्हणतो. ऊन-पावसानं फडकं विटलं की मी नवीन बांधतो.