बदलापूरच्या पानाखालची लिंक

नाही नाही, तुमची लिंक काढली ती मीच — तीनदा काढली, चौथ्यांदा टाकलीत तर चौथ्यांदा काढेन — पण त्यासाठी जांभूळहून रिक्षा करून अंबरनाथला माझ्या घरी यायची काय गरज होती, संजीवनीताई? विकीवर चर्चापान असतं, तिथे विचारायचं. बसा. पाणी घ्या. — तुमची साइट वाईट आहे असं कोण म्हणतंय? जांभूळच्या विहिरींचे फोटो तर फर्स्ट क्लास आहेत. पण स्वतःच्या साइटची लिंक स्वतः टाकायची नाही! साधी रीत आहे. आपण नुसतं सुचवायचं, दुसऱ्या कुणाला पटलं तर तो टाकेल. ज्ञानकोश म्हणजे काय कॅम्प तीनचा बाजार आहे, जो तो आपला बोर्ड टांगून मोकळा? अकरा वर्षं सांभाळतोय मी बदलापूरचं पान. कंपनीत क्वालिटीला होतो — मॅनेजरच्या मेहुण्याचा माल परत पाठवलाय, विचारा कुणालाही.

काय? खाली आहे ती? 'कुळगावच्या विहिरी' ब्लॉगची लिंक? — ती वेगळी. ती राहते. का म्हणजे? तिच्यात माहिती आहे. दारोदार फिरून जमवलेली, गुडघे सुजलेले असताना — एकेका विहिरीवर दोन-दोन तास बसायची, म्हाताऱ्या बायकांना बोलतं करत — म्हणजे बसली असेल, जी कोण असेल ती. मला काय माहीत! 'वाचक४१' नावाच्या कुणीतरी टाकलीय.

तो फोन बाजूला ठेवा आधी. — हो, दिसतंय मला. वाचक४१ने जन्मात एकच एडिट केलं, आणि चार मिनिटांत मी त्याची ओळ नीट लावून दिली. दिसतंय! आणि भिंतीवरच्या फोटोकडे असं बघू नका. ब्लॉगवर तोच आहे, मान्य.

पद्मजा. बायको माझी. तीन वर्षं झाली जाऊन. मला म्हणाली होती, तुम्ही नका हं टाकू, तुमचाच नियम आहे. ती असेपर्यंत पाळला. नंतर — नंतर टाकली मीच, त्या खोट्या नावाने; नाहीतर कोण वाचणार होतं हो ते? रोज सकाळी आकडा बघतो मी, ब्लॉग किती वेळा उघडला गेला त्याचा. चार. सहा. कधी दोन. सगळे त्या लिंकवरूनच येतात. ती गेली की शून्य — कळतंय का तुम्हाला, शून्य! हे चर्चापानावर लिहू नका, हात जोडतो. काल तर नऊ होते. नऊ! मी देवापुढे साखर ठेवली —

काय?

तुम्हीच? नऊच्या नऊ वेळा?

...थांबा. लिहू नका तुम्ही काही. तो चष्मा द्या माझा. मीच काढतो — अहो, काढतो म्हटलं ना! ही गेली. कारणाचा रकाना रिकामा सोडायचा नसतो, शिस्त आहे. काय लिहू... 'घरच्या माणसाची लिंक.' सेव्ह.

तुमची सुचवा चर्चापानावर, मी हरकत घेणार नाही. नाही, सॉरी वगैरे काही नको. उठा आता. जाताना दार ओढून घ्या.