केळीला कुलूप

आमच्या एव्हरशाईनच्या सोसायटीत एक देशमुख काका आहेत, रिटायर्ड. कुठलाही वाक्प्रचार विचारा, तो कुठून आला हे ते लगेच सांगतात. मला संशय यायचा, म्हणून एकदा मी मुद्दाम एक वाक्प्रचार मनानेच बनवला.

"काका, माझ्या माहेरी वटारला 'केळीला कुलूप लावणे' म्हणतात. ते कुठून आलं हो?"

काका जराही अडखळले नाहीत. "पोर्तुगीजांच्या काळातलं आहे ते. वसुलीचा शिपाई दिसला, की लोक केळीच्या वाडीला कुलूप लावून पसार व्हायचे. म्हणजे काम अंगावर यायच्या आत सटकणे."

मी हसू दाबत घरी आले.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. पाण्याच्या टँकरवाल्याशी रोज कोण बोलणार, असा विषय निघाला. मी हळूच चपला पायात सरकवल्या, तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "मेघावहिनी, केळीला कुलूप लावून कुठे निघालात?"

सगळे हसले. काकांनी बिल्डिंगभर शिकवून ठेवलं होतं.

मी चपला काढून परत बसले. काका शांतपणे म्हणाले, "टँकरचं मेघाकडेच द्या. तिला बनवाबनवी छान जमते."