तीनदा काळी आलेली पट्टी

बसा की सर, उभे का? — खुर्ची प्लॅस्टिकची आहे, पण मोडत नाही. रेल्वेचं क्वार्टर हे, गाडी गेली की कपबश्या हलतात, दचकू नका. माझी प्रयोगांची वही ना? आहे. माझ्याकडंच आहे. 'रद्दीत टाक' म्हणाला होतात — टाकली, आणि संध्याकाळी रद्दीतून उचलून दौंडला आणली. चोरी म्हणता? म्हणा.

दोन हजार चारचा जुलै. तुमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना एकच पाठ — आरएनएचा एवढासा तुकडा पेशीत सोडला की जनुक बंद पडतं. पडायलाच हवं! मी तो तुकडा रोखला जनुकाच्या अलीकडच्या भागावर, ते जिथून चालू होतं तिथं. दोन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी फिल्म धुतली, तर प्रथिनाची पट्टी काळीकुट्ट — बंद कुठलं, जनुक जोरात चालू! धावत आले तुमच्याकडं. तुम्ही फिल्म उजेडाला धरलीत आणि पहिला प्रश्न काय? — "नळ्या बदलल्यास का?" परत केलं. परत काळी. तिसऱ्यांदा लेबलं शेजारच्या टेबलावरच्या अंजनाकडून लावून घेतली, कुठली नळी कुठली ते मलाच कळू नये म्हणून — तरी काळी. आणि तुम्ही? तिन्ही पानांवर लाल पेनानं काट, 'चूक', खाली सही, तारीख. तुमची शिस्तच ती, काटलेल्या पानावर सही हवीच.

वर माझ्याकडून लिहून घेतलंत, नळ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. दिलं लिहून. फेलोशिप गेली. आणि आता परदेशातल्या लोकांनी हेच छापलं, तर तुम्ही भाषणात सांगता, 'आमच्याकडं हे आधीच दिसलं होतं.' आमच्याकडं! दावा तपासणाऱ्या समितीनं पुरावा मागितला, तेव्हा ही सुमैया आठवली होय?

त्या पानांच्या झेरॉक्स समितीकडं गेल्या, सर. सोमवारीच, रजिस्टर पोस्टानं, सोबत माझं पत्र. लाल शाई झेरॉक्सवर काळी येते, पण सही वाचता येते. — पाणी देऊ?

मला वाटलं होतं, आज मजा येईल. तीन वर्षं हेच घोकतेय, शिकवणीच्या पोरींना बेडकाचं हृदय फळ्यावर काढून दाखवतानासुद्धा. पण आत अब्बा आहेत ना… ड्युटीवरून आलेत. गँगमन. रुळावर हातोडा मारला की आवाजावरून तडा ओळखतात. तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "खरंच चुकलीस व्हय गं?" नाही म्हटलं असतं, तर पुण्याला येऊन तुमच्या पाया पडणार होते ते! म्हणून म्हटलं — हो, चुकले. तेव्हापासून गॅस बंद केलास का, दाराला कडी लावलीस का, दोन-दोनदा विचारतात मला. मी बंद केलेला गॅस स्वतः उठून बघून येतात. — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.

काय? आत जाऊन सांगता त्यांना, पोरगी चुकली नव्हती म्हणून? सांगाल?

…अच्छा, अट आहे. मी पत्र मागं घेतलं, तर.

नको. बसा — नाही, उठाच. अब्बांना माझं मी सांगेन. तुमच्या तोंडून ते ऐकलं ना, तर त्यांना तडा ऐकू येईल. पुण्याची शटल सव्वापाचला आहे. चपला बाहेर जाऊन घाला.